सुगडंभर माती

बोरखडी, कौंडण्यपुराजवळ
आषाढ वद्य तृतीया, शके १७८६, इंग्रजी सन १८६४

सुभद्राविहीणबाईले गोदाबाईचा दोन्ही हातांनी दंडवत. वर अंबामाय, खाली मी, मधात हा कागद.

कागद माह्या हातचा हाय, तवा काना-मात्रा चुकली त हासू नका. लहानपणी माहा भाऊ धुळपाटीवर अक्षरं गिरवे अन् मी समोर बसून पाहो. म्हणून माही अर्धी अक्षरं अजून उलटी निंगतात. तेवढ्याच शाळेवर मी माह्या लेकीले, कौशल्याले शिकोलं, अन् आता तेच तुमाले हा कागद वाचून दाखवून राहिली असंन. कौशे, सावकाश वाच. घास गिळल्यासारखी अक्षरं गिळू नको.

आपली नात कशी हाय? तुमी म्हणे गल्लीभर सांगून राहिल्या का मैनीचं नाक तुमच्यावर गेलं. घ्या बाई, नाक तुमचं. बाकी अख्खी पोरगी माह्यावर गेली, एका नाकासाठी मी कायले भांडू? इथून निंगताना कौशल्याच्या ओटीत मी तांदूळ नाही टाकले, पसाभर तुरीचं बी टाकलं, त्याचा तुमाले राग आला असं अब्दुल रहीम गाडीवान सांगे. राग नका धरू. तांदूळ कोणीई टाकते. ते बी माह्या वावरातलं हाय. परसात पेरा.

आता तुमाले माह्या वावराचं सांगते. बांधाकडचा अकरा तासांचा तुकडा; तास म्हणजे पेरणीची ओळ, तुमाले शहरात ठाऊक नसंन. सासऱ्यानं मले चोळी-बांगडीसाठी तोडून देला. कागद नाही, शब्द हाय. चाळीस वर्षं झाली, त्यात मी तूरच पेरते, अन् तिच्यातूनच माह्या अंगावर चोळी अन् हातात बांगडी येते. पुढं हे वावर मैनीचं. तिच्या चोळी-बांगडीले. हे मी तिच्या कानात पाचवीच्या दिवशी सांगतलं, अन् ते शिंकली, म्हणजे कबूल.

पण इकडं माणसं कपाशीनं पागल झाले बापा! कुठं सातासमुद्रापार गोऱ्यागोऱ्यांची लढाई जुंपली म्हणतात, म्हणून आपल्या कापसाले भाव आला. लढाई त्याहीची अन् उशा रिकाम्या आमच्या! माह्या लेकानं, सूर्यभाननं, मांगच्या साली माह्या उशीतला कापूसई काढून गाडीत भरला. मी सध्या तुरीच्या भुसावर डोकं टेकते. कानात रातभर कुरकुर होते, जसं कोणी चुगली करून राहिलं. पहिले कपाशीच्या दर आठ तासांमांगं एक तास तुरीचा असे, तोई लोकाईनं काढून टाकला.

अन् परवा सूर्यभान म्हणते, "माय, तुह्या तुकड्यातई कपाशी टाकू."

मी म्हटलं, "अन् वरण कायचं करू? सरकीचं?"

म्हणते, "तुही तूर दरसाली अळ्याच खातात. तू तूर नाही पेरत, अळ्या पोसतं."

झोंबलं ना मले! मी म्हटलं, "पौषाची अवस पडायच्या आत माह्या खोलीतली मोठी कणगी तुरीनं काठोकाठ भरली त वावर माहं अन् मांगून मैनीचं, परत तोंड उघडाचं नाही. नाही भरली त पुढच्या मिरगात खुशाल कपाशी टाक." तो हासला अन् माह्या पायाले हात लावून म्हणे, "कबूल." पाया पडून लुटणारा लेक हाय माहा.

तवा विहीणबाई, देवाजवळ बसान तवा माह्या अकरा तासांसाठी एक फूल जास्तीचं वाहा.

गोदाबाई

*

जुनं शहर, अकोला
भाद्रपद शुद्ध पंचमी

गोदाविहीणबाईले सुभद्राबाईचा रामराम. मी सांगतो अन् तुमची लेक लिहिते.

मैना मजेत हाय. नाक माहंच हाय, याच्यावर आता चर्चा नको.

तुमच्या ओटीतली तूर आमी पेरली. तुमाले माहीत नसंन, यंदा आमच्या घरी नवी विहीर खोदली, तीस हात. आतून अशी गोरी, साफ माती निंगाली का बाया पाहाले आल्या. ते सगळी परसात पसरवली. पहिलेचा सगळा कुजका काळा राडा खाली गाडून टाकला. अंगणात पान पडलेलं मले चालत नाही, तुमाले ठाऊकच हाय. त्या मातीत तूर पेरली, अन् सांगतो, आजपावतो एक अळी नाही! एका पानाले भोक नाही. मोर्णा नदीपलीकडच्या बाया विचारतात, कसं काय. मी म्हणतो, हाताचा गुण असते एखाद्याच्या.

तुमच्याकडं अळी दरसाली पडते म्हणता, त वावरात जाताना पाय धूत जा.

सुभद्राबाई

(माय, आत्याबाई सांगतात तेवढंच लिहितो. त्याहीले वाचता येत नाही म्हणून खाली ही बारीक ओळ. मैनीले पहिला दात आला. त्याहीले चावली. कौ.)

*

बोरखडी
भाद्रपद वद्य अष्टमी

सुभद्राविहीणबाईले दंडवत.

दात आल्याचं कोणीच न सांगता मले समजलं. आजीले समजते. कुठं उमटवला तेई समजलं.

कौशे, ही पुढची ओळ वाचू नको, खोकून दे: चांगलं केलं माह्या मैनीनं.

विहीणबाई, मी पाय धुते. तरी अळ्या पडल्या. पडल्या म्हणजे काय, यात्राच भरली! कौंडण्यपुरात कार्तिकात गर्दी होत नसंन तेवढ्या. हिरव्यागार, बोटाएवढ्या, तोंड वर करून पाहातात अन् पुन्हा खातात. सूर्यभानच्या शेजारच्या कपाशीत जा, एखाद-दुसरी. माह्या वावरात पाय ठेवा, कुरुकुरु आवाज येते. सूर्यभान बांधावरून जाताना मुद्दाम थांबते अन् म्हणते, "माय, पाहुण्याले पाणी देल्लं का?"

मले असा संताप आला का मी एक झाड धरलं अन् मुळासकट उपसलं, बैलापुढं टाकाले. अन् काय पाहाते! मुळ्याले गाठीच गाठी. ज्वारीच्या दाण्याएवढ्या, काही वाटाण्याएवढ्या, मुळीले चिकटून बसलेल्या, जसं पोरीच्या वेणीत लिखा. चाळीस वर्षं तूर पेरली पण मी मुळीकडं कधी पाहालं नाही. तूर आपण कापतो, उपटत नाही. खालचं कोण पाहाते? एक गाठ नखानं फोडली. आतून लाल! डाळिंबाच्या दाण्यासारखी. माह्या अंगावर काटाच आला. मी म्हटलं, सापडलं! हे अळीचे अंडे होय. रगत हाय त्याच्यात. अळी इथं पैदा होते अन् बुंध्यानं वर चढते.

अब्दुल रहीम कापसाच्या गाड्या घेऊन आला होता. त्याले मूळ दाखवलं. तो म्हणे, "अम्मा, जिसको पत्ता खाना है वो अंडा जमीन के अंदर कायको देगा?" मी म्हटलं, "तू बैल हाक." मोठा आला शाना.

आता तुमी एक करा. तुमच्या तुरीचं एक झाड उपसून मुळी पाहा. गाठी हायेत का नाही तेवढं लिहा. तुमच्याकडं अळी नाही, त गाठीई नसान, असं माहं मन म्हणते. तसं निंगालं त इलाज माह्या हातात हाय. हे हासण्यावारी नेऊ नका बाई. कणगीचा सवाल हाय, अन् कणगीमांगं मैनी हाय.

गोदाबाई

*

अकोला
आश्विन शुद्ध द्वितीया

गोदाविहीणबाईले रामराम.

तुमच्या म्हणण्यावरून एक झाड उपसलं. गाठ एकई नाही. मुळ्या कशा धाग्यासारख्या साफ. मी पहिलेच सांगतलं होतं, आमच्या घरी घाण चालत नाही. अळी नाही, अंडे नाही. तुमी पाय धुता म्हणता त मंग हातई धूत जा.

झाडं मजेत हायेत. बाकी सगळे मजेत.

सुभद्राबाई

कौशल्याले तुमचं पत्र वाचताना लय खोकला येते. आल्याचा काढा देऊन राहिलो.

*

बोरखडी
आश्विन वद्य षष्ठी

सुभद्राविहीणबाईले साखर खाल्ल्या तोंडानं दंडवत!

तुमचा कागद आला अन् मी उडालीच. गाठ नाही त अळी नाही! हे मले सुचलं, माह्या उलट्या अक्षरांच्या डोक्यातून निंगालं, अन् गावातले पागोटेवाले बसले चिलीम फुकत.

मी लगेच गल्लीतल्या चार बाया बलावल्या. माणिकबाईले तर तुमी ओळखता, बारशात जिनं तुमच्या लुगड्यावर पन्हं सांडवलं ते. तिच्या हाताले लय सफाई. बाभळीचे काटे घेतले, खुरप्यानं बुंध्याजवळची माती अलग केली, मुळ्या उघड्या केल्या, अन् उवा काढतात तशा एकेक गाठ टिपून काढली. काढली अन् दगडावर चिरडली. दगड लाल झाला. मंग माती परत लोटून दाबली. पाच दिवसांत चार तास झाले. बायाईची कंबर मोडली, पण हासून हासून. माणिकबाई म्हणे, "गोदाबाई, माह्या नवऱ्याच्या डोक्यातल्या एवढ्या मन लावून कधी काढल्या नाही."

सूर्यभान आला, पाहालं, कपाळाले हात लावला. "माय, तू तुरीची वेणीफणी करून राहिली काय?"

मी म्हटलं, "तू पाह्यच."

अन् पाहाच तुमी! दहा-बारा दिवस झाले. त्या चार तासांवरच्या अळ्या निंगून गेल्या. खोटं सांगत असंन त जीभ झडो. बाकीच्या सात तासांवर अजून पंगत बसली हाय, अन् या चारांवर कोणी फिरकत नाही. आता दिवाळीचं आटोपलं का उरलेले सात तास. बायाईले सांगून ठेवलं. अब्दुल रहीमलेई दाखवलं. त्यानं एक पान बोटात चोळून पाहालं अन् म्हणे, "अम्मा, कीडा तो गया, पर झाड भी उदास दिखता है." मी म्हटलं, "उदास तुही बायको." तो हासला. चांगला माणूस हाय, पण बैलाच्या मांगं राहून त्याले सगळंच उदास दिसते.

तुमच्या हाताचा गुण मी मान्य करते. लिहून देते. कौशे, हे मोठ्यानं वाच, गल्लीले आयकू जाऊ दे.

गोदाबाई

*

अकोला
आश्विन वद्य द्वादशी

गोदाविहीणबाईले रामराम.

मान्य केलं ते बरं केलं. दिवाळीच्या करंज्या पाठवून राहिलो, सारणात खसखस हाय, ते इकडंच मिळते. मैना आता बसते. नाक दिवसेंदिवस जास्तच माहं होऊन राहिलं. तूर ठीक.

सुभद्राबाई

(माय, थांब! सात तासांले हात लावू नको! आत्याबाई खरं सांगत नाहीत, बढाईत अडकल्या. आमची तूर कावीळ झाल्यासारखी पिवळी हाय. पेरल्यापासून आतापावतो गुडघ्याएवढीच. तुह्या वावरातली या दिवसात डोक्याच्या वर जाते ना? फूल नाही. परवा बकरी सुटून परसात गेली, हुंगून वापस आली. आत्याबाई बायाईले लांबूनच दाखवतात, जवळ जाऊ देत नाही. अळी नाही हे खरं, पण तिथं खाले हाय काय? त्याहीले म्हणू नको मी सांगतलं. अब्दुल रहीमले बैल पळवत नेजो म्हटलं. कौ.)

*

बोरखडी
कार्तिक शुद्ध सप्तमी

सुभद्राविहीणबाईले दंडवत. करंज्या पोचल्या. खसखस चांगली होती, मीठ कोणी टाकलं?

कौशे, आता बस खाली अन् खोकत राहा. हे सगळं तुह्यासाठी.

पोरी, तू वाचवलं. अब्दुल रहीम उतरला तवा माणिकबाई काटा घेऊन पाचव्या तासात बसली होती, दोन झाडं उकरलीई होती. कागद वाचला अन् मी वरडली का माणिकबाईच्या हातचा काटा तिच्याच अंगठ्यात गेला. ते मले अजून शिव्या देऊन राहिली. देऊ दे, तिचा हक्क हाय.

मंग मी डोळे धुतले अन् चार तासांकडं पाहालं. खरंच पाहालं. इतके दिवस मी फक्त अळी पाहून राहिली होती, झाड पाहालंच नाही. पिवळं पडलं माय. खालची पानं हळदीसारखी, शेंडा वाकलेला. अन् बाजूचे सात तास, ज्याईले अळ्याईनं चाळणी केलं होतं, ते पुन्हा फुटले! खाल्लेल्या पानाच्या बेचक्यातून नवी पालवी, अशी काळीभोर हिरवी का हात फिरवावासा वाटते. अळ्या खातात, झाड पुन्हा काढते. साळुंक्या येतात, अळ्या उचलतात, झाड पुन्हा काढते. फुलाईनं भरून गेलं. चार तासाईले फूल नाही, साळुंकी नाही, कोणीच नाही.

मी बांधावर बसली अन् डोक्यात उजेड पडला. ते अंडे नव्हते व. ते झाडाचे कोणीतरी होते. त्या गाठीत काय राहाते मले माहीत नाही, डोळ्याले दिसत नाही, पण जे कोणी राहाते ते खालून झाडाले चारते. झाड गुबगुबीत होते, पान रसाळ होते, म्हणून अळी तिथं येते. अळीले जिभेची पारख हाय. कोणत्या झाडाखाली गाठी हायेत ते तिले माती न उकरता समजलं. मी माती उकरली अन् मले समजलं नाही. चाळीस वर्षं सूर्यभानसारखीच मीई अळीले शिव्या देत आली, अन् ते दरसाली येऊन सांगून जाय का बाई, तुही तूर चांगली हाय.

अन् मी आपल्या हातानं, बाभळीच्या काट्यानं, चार तासांच्या तोंडचा घास काढला. दगडावर चिरडला. रडू आलं मले. मंग माणिकबाई म्हणे, "रडतं काय, सात त हायेत." मंग हासू आलं.

अब्दुल रहीमले मी माफी मागणार होती, पण तो आधीच शाना हाय, आणखी शाना होईन. त्याले दोन भाकरी जास्तीच्या देल्ल्या.

सात तासाईत कणगी भरत नाही, कौशे. अकरा लागतात. हे सूर्यभानलेई समजते. तो आता बांधावर थांबून काही बोलत नाही, नुसता पाहाते. त्याचं बोलणं परवडे.

विहीणबाईसाठी हे वाच: इकडं सगळं ठीक हाय, थंडी सुटली, मैनीले कानटोपी घालत जा.

गोदाबाई

*

बोरखडी
पौष वद्य चतुर्दशी

सुभद्राविहीणबाईले दंडवत, अन् तीळगूळ. उशिराचा हाय, पण रथसप्तमीच्या आत पोचवतो असा अब्दुल रहीमनं शब्द देला.

तूर मळली. सात तासांच्या शेंगा अशा टचटचीत का खळ्यात काठी मारली का दाणे गालाले येऊन लागत. चार तासांचं किती झालं विचारू नका. एका सुपात आलं, त्यातलंई अर्धं भूस. सूर्यभाननं दोन्ही ढिगाईत हात घातला. सातांचा दाणा दातानं फोडून पाहाला. मंग मले म्हणे, "माय, ज्यावर अळ्या होत्या ते हेच ना?" मी म्हटलं, "हेच." त्यानं मान हालवली अन् बैलाईले पाणी पाजाले गेला.

आज अवसेच्या आदल्या दिवशी कणगी भरली. काठोकाठ! सूर्यभान दारात उभा राहिला, कणगीच्या काठावर हात फिरवला, पोटावर बोटानं टकटक केलं, पायाले हात लावला अन् म्हणे, "जितली तू. वावर तुहं, अन् तुह्यामांगं मैनीचं." एवढंच. अन् गेला.

कौशे, आता खोकलं तर असं खोक का विहीणबाई वैद्याले बलावतीन. हे वाचलं अन् तोंडातून निंगालं त तुही माय गेली समज.

कणगी एक हात कमी पडली होती. अवस उद्यावर. मी ओसरीवरची मोठी टोपली घेतली, कणगीच्या तळाशी उलटी घातली, अन् वरून तूर ओतली. काठाले आली. देवाले म्हटलं, तू पाहालं, पण तू अन् मी दोघंच हाओत. चार तासाईचं पाप मी केलं, त्याची सजा माह्या मैनीले कायले? मी रडत नाही याच्यावर. एक दिवस जेवली नाही, तेवढं पुरे.

आता विहीणबाई, मोठ्यानं. तुमाले संक्रांतीचं वाण पाठवून राहिली. काळं सुगडं हाय, तोंडाले फडकं बांधलेलं. त्यात माह्या वावरातली माती हाय, सात तासांच्या मुळाशेजारची. त्यात तुरीच्या मुळ्याईचे तुकडे हायेत, गाठीसकट. हे फेकू नका, हात जोडते. मिरगात तूर पेरसान तवा बियाले ही माती चोळा अन् मंग पेरा. काहून ते विचारू नका. मले पुरतं समजलं नाही. पण तुमच्या विहिरीच्या गोऱ्या मातीत कोणी राहात नाही बाई. तिथं बी एकलं पडते.

गोदाबाई

*

अकोला
माघ वद्य पंचमी

गोदाबाई,

मी पन्नास बायाईच्या समोर तुमचं सुगडं उघडलं. मोर्णेपलीकडच्याई होत्या. मले वाटलं हलवा असंन, नाही त निदान बोरं. आत माती. वरून कुजक्या मुळ्या. रहिमाबी माही जुनी शेजारीण हाय, वाण घ्यायले नाही त बोलाले येते. तिनं तोंडावर ओढणी घेतली, हासली का घाबरली समजलं नाही. एक बाई म्हणे ही करणी होय, हिच्या दारात लिंबू टांगा.

तेहतीस वर्षं झाली माह्या लग्नाले. मातीचं वाण मले कोणी देल्लं नाही.

आमी कळवून राहिलो का सध्या पत्र पाठवायची गरज नाही.

सुभद्राबाई

(सुगडं मी उखळामांगं लपवलं. आत्याबाईनं लिंबू टांगलं, मैनीनं ते खाल्लं. कौ.)

*

अकोला
आश्विन शुद्ध एकादशी, शके १७८७

गोदाविहीणबाईले सुभद्राबाईचा रामराम.

आठ महिने झाले कागद नाही. तुमाले वाटलं असंन मेली. मेली नाही.

तुमाले एक सांगाचं हाय अन् ते सांगाले मले दोन दिवस लागले. कौशल्या कलम हातात घेऊन बसली, मी पान लावत बसली. शेवटी ते म्हणे, शाई वाळली.

विहीणबाई, आमच्या तुरीले अळी लागली.

हिरवी. बोटाएवढी. काल सकाळी पहिली दिसली अन् मी रहिमाबीले हाक मारली, "आवो, पाहा व बाई, आली!" ते धावत आली, तिले वाटलं सून बाळंत झाली. आम्ही दोघी वाकून वाकून पाहात होतो. झाडं डोक्याच्या वर गेले. पान असं काळंभोर. बकरीनं दोर तोडला अन् थेट परसात. तिले ओढताना माही बांगडी फुटली. मुळी पाहाली. गाठीच गाठी. मी फोडली नाही. झाकून ठेवली.

मांगच्या साली माही तूर पिवळी होती. हे मी आता सांगतो. तुमाले ते पहिलेच समजलं होतं हे मले ठाऊक हाय, कारण कौशल्याचा खोकला किती खरा हाय हे मले काढ्याच्या दुसऱ्याच दिवशी समजलं. मले अक्षर येत नाही, पण सूनबाईचं तोंड वाचता येते. बढाईपायी तुमच्या चार तासाईचं नुकसान झालं. ते माह्यावर.

उखळामांगचं तुमचं सुगडं मले दिसलं होतं, मिरगात बियाले ते माती मीच चोळली. हाताचा गुण नव्हता. मातीचा होता. हे कौशल्यानं दोनदा लिहावं असं मी सांगतलं, तिनं एकदाच लिहिलं.

नाक मात्र माहंच हाय.

सुभद्राबाई

(माय, लढाई संपली म्हणतात, अन् कापसाचा भाव खाली आला. दादा मांगच्या हप्त्यात गाड्या घेऊन इकडं आला होता. जेवताना मी म्हटलं, दादा, मायनं कणगी कशी काठोकाठ भरली पाहालं ना. तो भात कालवत म्हणे, "तळाशी टोपली उलटी घातली होती तिनं. मी टकटक केलं तवाच खालून पोकळ वाजलं." मी म्हटलं, मंग बोलला कावून नाही? म्हणे, "सात तासांत, अळ्या पोसून, एक हात कमी कणगी भरते म्हणजे अकरा तासांत किती होईन हे मले मोजता येते. मायले सांगजो नको. तिनं सांगतलं नाही, मीई सांगत नाही." अन् अजून एक. मिरगात त्यानं तुह्या वावरातल्या आठ पाट्या माती चोरून नेली, अन् त्याच्या कपाशीत तुरीचे तास परत टाकले. बियाले चोळून. कौ.)

*

बोरखडी
पौष वद्य त्रयोदशी

सुभद्राविहीणबाईले गळामिठी, दंडवत बाजूले ठेवून.

तुमच्या घरी अळी आली हे आयकून मी गावात गूळ वाटला. लोकाईनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, विहीणबाईकडं अळ्या झाल्या. लोक माह्याकडं पाहून राहिले. पाहू द्या.

चार तासाईचं मनावर घेऊ नका. काटा माह्या हातात होता. नाकाचं म्हणाल त मी आता सोडून देलं. पोरगी हासते कशी ते पाहा अन् मंग बोला.

कौशे, आता खोकू नको, सगळं मोठ्यानं वाच. आपल्यात झाकाझाकी उरली नाही. माह्या लेकाले टोपली पहिल्या दिवशीच समजली होती! अन् मी वर्षभर त्याच्यासमोर कणगीकडं पाठ करून बसली, अन् तो वर्षभर माह्या मातीच्या पाट्या चोरून मिशीत हासला. पाट्याईचं मले मिरगातच समजलं होतं. बांधावर पायाचे ठसे होते; त्याच्या उजव्या पायाची करंगळी वाकडी हाय, लहानपणी पाटा पडला होता. मी बोलली नाही. चोरू दे. त्याच्या तुरीच्या तासाईवर यंदा अळ्या पाहाल्या अन् मी बांधावरून जाताना मुद्दाम थांबली. म्हटलं, "सूर्यभान, पाहुण्याले पाणी देल्लं का?"

यंदा अकराच्या अकरा तास. परवा अवस. आज सकाळी कणगी भरली अन् वरून वाहाले लागली, दोन पाट्या तूर बाहेर उरली. मैनीच्या चोळी-बांगडीले आता कोणी हात लावत नाही. संध्याकाळी तो पाहाले येईन, मांगच्या सालासारखं पोटावर टकटक करून पाहीन.

म्हणून मी दुपारी माणिकबाईले मदतीले बलावलं, सगळी तूर परत उपसली, टोपली तळाशी उलटी घातली, अन् पुन्हा भरली. माणिकबाई म्हणे, "येडी झाली का व तू? आता कायले?"

मी म्हटलं, "पोरगं टकटक करीन. पोकळ वाजलं नाही त त्याचा हिरमोड होईन."

गोदाबाई